परवा म्हणजे नेमकं कधी? लहान मुलांना कॅलेंडर वाचायला कसं शिकवायचं, समजून घ्या

वार पाठ असतात, महिनेही धडाधड म्हणता येतात. पण ‘कानबाईला किती दिवस राहिले?’ असं विचारलं की मूल गोंधळतं. अडचण मुलाच्या हुशारीत नाही, आपल्या शिकवण्याच्या क्रमात आहे.

थोडक्यात

- वार पाठ असणं आणि कॅलेंडर वाचता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
- ‘काल’, ‘उद्या’, ‘परवा’ या शब्दांचं अचूक अंतर मुलांना साधारण सातव्या वर्षापर्यंत पक्कं समजत नाही.
- भिंतीवरचं कॅलेंडर वरून खाली वाचायचं असतं, मोबाइलमधलं डावीकडून उजवीकडे. हा फरक मुलांना कोणी सांगत नाही.
- सुरुवात १ जानेवारीपासून नको. मूल ज्या दिवसाची वाट बघतंय, त्या दिवसापासून करा.

नेमकी अडचण काय?

शिरपूरच काय, खान्देशातल्या कुठल्याही घरात हा संवाद ऐकू येईल. ‘आई, मामा कधी येणार?’ ‘परवा.’ दुसऱ्या दिवशी सकाळी मूल दप्तर टाकून दारात उभं. ‘आला का मामा?’ आई वैतागून म्हणते, ‘अरे, परवा म्हटलं ना!’

मूल पहिलीत आहे. रविवारपासून शनिवारपर्यंत वार न चुकता म्हणतं. तरीही ‘परवा’ त्याला सापडत नाही. यात त्याची चूक कमी आणि शब्दाची जास्त आहे. मराठीत ‘परवा आला होता’ आणि ‘परवा येणार आहे’ ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. शब्द एकच, पण एकदा दोन दिवस मागे नेतो आणि एकदा दोन दिवस पुढे. कुठला परवा, हे फक्त क्रियापदावरून कळतं. शिरपूरला मध्य प्रदेशची सीमा लागून आहे, त्यामुळे मुलांच्या कानावर हिंदीही पडते. हिंदीत तर ‘कल’ म्हणजे कालही आणि उद्याही.

‘आठ दिवसांनी ये’ हेही तसंच. सोमवारी कोणी असं म्हटलं तर मोठ्या माणसाला पुढचा सोमवार कळतो. मूल मात्र प्रामाणिकपणे आठ मोजतं आणि मंगळवारवर पोहोचतं. आपण आजचा दिवसही मोजतो, म्हणून सात दिवसांचे आठ होतात. ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे बहुतेक वेळा चौदा दिवसांनी. मोठ्यांच्या अंगवळणी पडलेले हे हिशेब मुलांना उघड करून सांगावे लागतात.

कोणत्या वयात काय समजतं?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या कॅथरीन टिलमन, डेव्हिड बार्नर आणि सहकाऱ्यांनी तीन ते आठ वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘काल’, ‘उद्या’, ‘मागच्या आठवड्यात’ असे शब्द मुलं काळाच्या रेषेवर कुठे ठेवतात, हे त्यांनी तपासलं. मुलांना आधी दिशा कळते, म्हणजे हा शब्द मागचा की पुढचा. क्रमही साधारण त्याच सुमारास कळतो. नेमकं अंतर, म्हणजे किती मागे किंवा किती पुढे, हे सगळ्यात शेवटी, साधारण सातव्या वर्षाच्या आसपास मोठ्यांसारखं कळू लागतं.

म्हणून चार वर्षांची मुलगी दिवाळीतली गोष्ट ‘काल झाली’ असं सांगते, तेव्हा ती खोटं बोलत नसते. तिच्यासाठी ‘काल’ म्हणजे ‘होऊन गेलेलं’. ढोबळमानाने टप्पे असे धरता येतील :

- ३ ते ४ वर्षं : आधी-नंतर, सकाळ-संध्याकाळ, ‘झोपून उठलं की’. या वयात तारीख शिकवण्यात अर्थ नाही.
- ५ ते ६ वर्षं : आठवड्याची लय. शाळेचे दिवस, सुट्टीचा दिवस, गावातल्या बाजाराचा दिवस.
- ७ ते ८ वर्षं : तारीख आणि वार यांची सांगड, महिन्याचं पान वाचणं, दोन तारखांमधले दिवस मोजणं.

प्रत्येक मूल वेगळं असतं. वर्षभर इकडेतिकडे झालं तर काळजीचं कारण नाही.

रोज ‘आज कोणता वार?’ म्हणवून घेणं पुरेसं का नाही?

बालवाडीत, अंगणवाडीत सकाळी फळ्यावर वार आणि तारीख लिहून मुलांकडून म्हणवून घेतली जाते. ही पद्धत जगभर आहे आणि तिच्यावर टीकाही झाली आहे. अमेरिकेतल्या सॅली बेनेके, मायकेलीन ऑस्ट्रोस्की आणि लिलियन कॅट्झ या अभ्यासकांनी २००८ मध्ये ‘यंग चिल्ड्रन’ या नियतकालिकात हाच प्रश्न मांडला होता. त्यांचं म्हणणं असं की, इतक्या लहान मुलांना तारखांमधलं अंतर कळतच नाही. वर्षभर रोज म्हणूनही अनेकांच्या हाती फक्त तालावरची नावं लागतात. त्याऐवजी मुलांच्या स्वतःच्या दिनक्रमातून, घडलेल्या आणि घडणाऱ्या गोष्टींतून काळ शिकवावा.

याचा अर्थ वार पाठ करून घेऊच नयेत, असा नाही. पाढा पाठ असणं आणि गणित येणं यात जो फरक आहे, तोच इथे आहे. फरक तपासणं सोपं आहे. मुलाला ‘गुरुवारच्या आधी कोणता वार?’ असं विचारा. बहुतेक मुलं रविवारपासून म्हणायला लागतात आणि गुरुवारपर्यंत येऊन अडखळतात. उलट्या दिशेने जाणं बरंच उशिरा जमतं.

मग सुरुवात कुठून करायची?

रात्री मोजण्यापासून. ‘मामा परवा येणार’ याऐवजी ‘अजून दोन रात्री झोपायचं, मग मामा येणार’ असं सांगा. रात्र मुलाला स्वतः अनुभवता येते, म्हणून ती मोजता येते. मोठे वापरतात तो शब्दही सोबत सांगा, पण वारासकट : ‘परवा, म्हणजे शुक्रवारी.’

दुसरी पायरी पट्टीची. भिंतीवर खडूने किंवा कागदावर पेन्सिलीने सात घरं आखा. एका घरात मामाचं चित्र काढा. रोज रात्री झोपायच्या आधी मुलाने स्वतः एक घर खोडायचं. मामा आला की पट्टी संपली. तीन-चार वेळा असं झालं की ‘दिवस म्हणजे एक घर’ हे डोक्यात बसतं. कॅलेंडरचं पान म्हणजे अशाच पट्ट्या एकाशेजारी एक लावलेल्या, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

भिंतीवरचं आणि मोबाइलमधलं कॅलेंडर वेगळं कसं?

१९७३ मध्ये ज्योतिर्भास्कर जयंतराव साळगावकर यांनी ‘कालनिर्णय’ सुरू केलं. तारीख, तिथी, सण आणि पाठीमागे वाचायचा मजकूर, असं ते पान मराठी घराच्या भिंतीवर कायमचं आलं. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, कोणाला किती उसने दिले, हे सगळं त्याच चौकोनांत लिहिलं जातं. लहान मुलासाठी हे कॅलेंडर मोबाइलपेक्षा उपयोगी आहे. त्यावर बोट ठेवता येतं, पेन्सिलीने खूण करता येते आणि उद्या सकाळी ती खूण तिथेच असते.

पण एक गोष्ट आधी सांगायला हवी. आपल्याकडच्या बहुतेक भिंतीवरच्या कॅलेंडरांत वार डाव्या बाजूला एकाखाली एक असतात आणि तारखा वरून खाली जातात. एक उभा रकाना म्हणजे एक आठवडा. मोबाइलमध्ये वार वरच्या बाजूला आडवे असतात आणि तारखा डावीकडून उजवीकडे जातात. एक आडवी ओळ म्हणजे एक आठवडा. पुस्तक डावीकडून उजवीकडे वाचायचं, हे मूल नुकतंच शिकलेलं असतं. ते भिंतीवरचं पानही तसंच वाचू लागतं आणि १, ८, १५, २२ असं म्हणत जातं. चुकतंय हे त्याला कळतं, का चुकतंय हे कळत नाही.

उपाय सोपा आहे. दोन्ही कॅलेंडरं शेजारी धरा आणि दोन्हींवर १ पासून ७ पर्यंत बोट फिरवायला सांगा. एकात बोट खाली जातं, दुसऱ्यात उजवीकडे. पाच मिनिटांचं काम आहे.

ऑगस्टच्या पानावर मुलं हमखास का अडकतात?

२०२६ च्या ऑगस्टचं पान बघा. १ तारीख शनिवारी आहे. रविवारपासून मोजणाऱ्या पानात पहिल्या रकान्यात सगळ्यात खाली फक्त ‘१’ येतो. पुढचे चार रकाने २९ तारखेपर्यंत भरतात. उरतात ३० आणि ३१, म्हणजे रविवार आणि सोमवार. त्यांच्यासाठी सहावा रकाना लागेल. जागा वाचवण्यासाठी अनेक कॅलेंडरांत हे दोन आकडे पहिल्या रकान्यातल्या रिकाम्या चौकोनांत बसवतात. मग पान वरून वाचलं की क्रम दिसतो ३०, ३१ आणि मग १.

मोठ्यांना हे दिसतही नाही. सात वर्षांच्या मुलाला मात्र प्रश्न पडतो की महिना तिसाने कसा सुरू झाला? तेव्हा ‘जागा नव्हती म्हणून शेवटचे दोन पाहुणे पहिल्या खोलीत बसवले’ एवढं सांगितलं की पुरे.

शिकवायला सगळ्यात सोपं पान हवं असेल तर याच वर्षीचं फेब्रुवारीचं पान काढा. १ तारखेला रविवार, २८ तारखेला शनिवार. चार आठवडे, चार भरलेले रकाने, एकही चौकोन रिकामा नाही. शेजारी मार्चचं पान धरलं तर २८ तारखेपर्यंत वार अगदी तेच. ‘असं का?’ हे मुलालाच शोधू द्या. फेब्रुवारीत बरोबर चार आठवडे आहेत, हे उत्तर त्याला सापडलं तर ते पाठ करावं लागत नाही.

कोणत्या महिन्यात ३०, कोणत्यात ३१?

इथे जुनी मुठीची युक्ती अजूनही सगळ्यात चांगली. हाताची मूठ वळा. बोटांच्या मुळाशी चार उंचवटे आणि मध्ये तीन खळगे दिसतात. पहिल्या उंचवट्यावर जानेवारी, खळग्यात फेब्रुवारी, पुढच्या उंचवट्यावर मार्च असं मोजत जा. उंचवट्यावर आलेला महिना ३१ दिवसांचा, खळग्यातला ३० चा. फेब्रुवारी तेवढा अपवाद, २८ किंवा २९ चा. जुलै शेवटच्या उंचवट्यावर येतो. तिथून परत पहिल्या उंचवट्यावर ऑगस्ट. म्हणून जुलै आणि ऑगस्ट सलग ३१ दिवसांचे.

तिथी लहान मुलांना शिकवायची का?

खान्देशात हा प्रश्न टाळता येत नाही. मुलं ज्या दिवसांची वाट बघतात, ते बहुतेक तिथीने येतात. कानबाईचंच घ्या. श्रावणात नागपंचमीनंतर येणाऱ्या पहिल्या रविवारी साधारणपणे कानबाईची स्थापना होते, रात्रभर जागरण आणि सोमवारी विसर्जन. म्हणजे हा दिवस शोधायला तिथी आणि वार दोन्ही लागतात. दुसरी-तिसरीतल्या मुलासाठी यापेक्षा चांगला गृहपाठ नाही.

पायऱ्या अशा. ऑगस्टच्या पानावर आधी नागपंचमी शोधा. या वर्षी ती १७ ऑगस्टला, सोमवारी आहे. मग बोट खाली नेत शनिवारपर्यंत या. पुढच्या रकान्याच्या वरच्या टोकाला रविवार आहे, तारीख २३. तोच कानबाईचा रविवार. मागच्या वर्षी नागपंचमी २९ जुलैला, मंगळवारी होती आणि त्यानंतरचा पहिला रविवार ३ ऑगस्टला आला होता.

इथे मूल विचारेल, सण एवढा पुढे कसा गेला? उत्तर चंद्रात आहे. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस लागतात. असे बारा महिने मोजले की ३५४ दिवस होतात, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा अकरा दिवस कमी. म्हणून सण दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतात. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली. मोजून बघा, बरोबर अकरा दिवस. असंच चालू राहिलं तर गणपती उन्हाळ्यात येतील. म्हणून साधारण तीन वर्षांनी एक अधिक महिना धरला जातो. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ होता. त्यामुळे गणपती अलीकडे यायच्या ऐवजी पुढे, १४ सप्टेंबरला गेले.

पहिलीतल्या मुलाला एवढं सांगायची गरज नाही. त्याच्यासाठी ‘मोठा आकडा सूर्याचा, बारीक अक्षरं चंद्राची’ एवढं पुरे.

शिरपुरात श्रावण आणि सेंधव्यात श्रावण एकाच दिवशी का लागत नाही?

मुंबई-आग्रा महामार्गाने पळासनेर ओलांडलं की मध्य प्रदेश सुरू होतो, पुढे सेंधवा. दोन्हीकडे नातेवाईक असलेल्या घरांत हा घोळ नेहमीचा. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतीय पद्धतीत पौर्णिमेला. त्यामुळे २०२६ मध्ये पलीकडे श्रावण ३० जुलैला लागतो, आपल्याकडे १३ ऑगस्टला. सण मात्र बदलत नाहीत. राखी दोन्हीकडे २८ ऑगस्टलाच आहे. पलीकडची मावशी ‘श्रावण लागला’ म्हणाली आणि घरातली आजी ‘अजून आषाढच’ म्हणाली, तर दोघीही बरोबर. मुलासमोर कोणाला तरी चूक ठरवण्यापेक्षा हे सांगितलेलं बरं.

आजीचे वार वेगळे असले तरी दुरुस्त करू नका. ती ‘आइतवार’ म्हणते आणि शाळेत ‘रविवार’. आदित्य आणि रवी दोन्ही सूर्याचीच नावं आहेत. सोम म्हणजे चंद्र हेही जोडून सांगता येतं.

‘होळीला येऊ’ म्हणजे किती दिवस?

कॅलेंडर वाचता येण्याचं खरं महत्त्व शिरपूर तालुक्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पट्ट्यात कळतं. पावसाळा संपला की अनेक आदिवासी कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात. काही ऊसतोडीला, काही गुजरातमध्ये मजुरीला. काही मुलं सोबत जातात, काही आजी-आजोबांकडे किंवा आश्रमशाळेत राहतात. ‘आई कधी येणार?’ या प्रश्नाचं उत्तर असतं, ‘होळीला.’

होळी हा या पट्ट्यातला सगळ्यात मोठा सण. त्याच्या आधीच्या आठवड्यात गावोगावचे आठवडे बाजार भोंगऱ्या बाजार होतात. ढोल वाजतात, बाहेर गेलेली माणसं परततात. पण सहा-सात वर्षांच्या मुलासाठी दिवाळीनंतर ‘होळीला’ म्हणजे कधीच नाही, असंही होऊ शकतं. त्याला दिवस मोजता येत नसतील तर रोज संध्याकाळी रस्त्याकडे बघणं एवढंच हातात उरतं.

इथे आजी, शिक्षक किंवा आश्रमशाळेतले अधीक्षक दोन गोष्टी करू शकतात. पहिली, चंद्र मोजायला शिकवणं. दिवाळीच्या अमावास्येनंतर कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ आणि फाल्गुन अशा पाच पौर्णिमा. साधारणपणे पाचवी पौर्णिमा म्हणजे होळी. याला कॅलेंडर लागत नाही, अंगणात उभं राहिलं तरी चालतं. प्रत्येक पौर्णिमेला भिंतीवर एक गोल काढायचा. पाचवा गोल आला की होळी.

दुसरी, कॅलेंडरवर होळीची खूण करून रोज एक चौकोन खोडणं. मोठा आकडा एकदम अंगावर येऊ नये म्हणून आधी फक्त चालू महिन्याचं पान दाखवायचं. पान उलटण्याचा मान मुलाचा. फोन आला की आई-वडिलांनाही तेच विचारता येतं : ‘किती पानं उलटली?’

एक पथ्य मात्र पाळायला हवं. यायची तारीख नक्की नसेल तर समजूत घालायला खोटी तारीख देऊ नये. खूण केलेल्या दिवशी आई आली नाही, तर मुलाचा कॅलेंडरवरचा विश्वास जातो आणि सांगणाऱ्यावरचाही. अशा वेळी ‘होळीच्या आधीच्या आठवड्यात’ म्हणून सात चौकोन रंगवलेले चांगले.

घरी आजपासून काय करता येईल?

- कॅलेंडर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगा. खिळा थोडा खाली ठोकावा लागेल, एवढंच.
- मुलाला स्वतःची पेन्सिल द्या. रोज झोपताना आजचा चौकोन त्यानेच खोडायचा.
- महिन्याला दोनच दिवस ठरवा, तेही मुलाच्या जिव्हाळ्याचे : वाढदिवस, सहल, मामाच्या गावाला जाणं.
- दुधाचा खाडा मुलाला लिहू द्या. महिन्याअखेर किती खाडे झाले, हेही त्यालाच मोजू द्या.
- दवाखान्यात ‘तीन दिवसांनी दाखवायला या’ म्हटलं की घरी आल्यावर तो दिवस मुलासोबत शोधा. लसीकरणाच्या कार्डावरची पुढची तारीखही अशीच शोधून ठेवा. खूण मुलाने केली असेल तर आठवण करून देण्याचं कामही तेच करतं.
- आठवड्यातून एकदा उलटा प्रश्न विचारा : ‘मागच्या मंगळवारी आपण कुठे होतो?’
- चुकलं तर उत्तर सांगू नका. ‘बोट ठेवून परत मोज’ एवढंच म्हणा.

शाळेत याचा पुढे उपयोग काय?

केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचन आणि पायाभूत गणित यावं, असं उद्दिष्ट आहे. कालमापन हा त्या गणिताचाच भाग. पुढे शिष्यवृत्ती परीक्षेत ‘१ तारखेला शनिवार असेल तर २६ तारखेला कोणता वार?’ अशी गणितं येतात. ज्याने घरच्या पानावर शनिवारची ओळ १, ८, १५, २२, २९ अशी बोटाने वाचली आहे, त्याला सूत्र लागत नाही. २२ ला शनिवार, तिथून चार घरं पुढे बुधवार.

परीक्षा अजून लांब आहे. तोवर ऑगस्टचं पान उघडा, मुलाच्या हाती पेन्सिल द्या आणि नागपंचमी शोधायला सांगा. तिथून रविवारपर्यंत किती रात्री, हे मोजायला आजपासूनच बसता येईल.